घरच्या घरी पोलादी बंपर : चासिसपासून बाहेरच्या दिशेने

खडकवाट

ऑफ-रोड गाडीला घरी पोलादी बंपर करायचा म्हटलं की पहिला प्रश्न प्लेटच्या जाडीचा येतो. ३ मिमी घ्यावी, ५ की सरळ ६? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी ठरवायचं ते बंपर चासिसला कुठे आणि कसा धरला जाणार हे. गाडी पोटापर्यंत रुतली, विंचचा (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचा) दोर ताणला किंवा दुसऱ्या गाडीने शॅकलला (ओढायच्या यू आकाराच्या कडीला) धरून ओढलं, की सगळा जोर मोजक्या बोल्टांवर आणि त्यामागच्या दोन ब्रॅकेटांवर येतो. दर्शनी प्लेटला त्या वेळी जवळपास काहीच काम नसतं. म्हणून मी बंपर चासिसकडून सुरू करून बाहेरच्या दिशेने बांधतो. हा धागा त्याच क्रमाने लिहितोय. माझी गाडी लॅडर चासिसची, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चौकट असलेली आहे, तेव्हा सगळं त्या हिशोबाने वाचा.

मूळ बंपर उतरवला की चासिसची दोन तोंडं उघडी पडतात. तिथे कंपनीने दिलेली भोकं, नट, टोइंग हूकची जागा काय आहे ते नीट बघा आणि शक्य तितकी तीच भोकं वापरा. नवीन भोक पाडावंच लागलं तर चासिसच्या उभ्या बाजूला, उंचीच्या मध्याजवळ पाडायचं. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला ड्रिल लावायचं नाही, कारण चासिस वाकताना सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. आणि चौकोनी पोकळ चासिसमधून बोल्ट आरपार काढून नुसता आवळला तर दोन्ही भिंती आत चेपतात. बोल्ट घट्ट वाटतो, थोड्या दिवसांनी सैल निघतो. त्यासाठी आतून जाड भिंतीच्या नळीचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, घालायची. बोल्टचा दाब मग त्या नळीवर बसतो आणि चासिसची भिंत वाचते.

ब्रॅकेटला मी १० मिमी प्लेट घेतली. एक प्लेट चासिसच्या बाजूला लागून मागे जाते, दुसरी तिला काटकोनात समोर उभी राहते आणि मध्ये त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराची पट्टी. चासिसला थेट वेल्डिंग करू नका. बोल्टवरचा बंपर काढता येतो, तपासता येतो, बदलता येतो. शिवाय चासिसवर आडवा टाका घातला की त्या ओळीत धातू उष्णतेने बदलतो आणि पुढे तडा जायचा तर तिथूनच जातो.

आता मोजमाप. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि घालवावा असंच सांगेन. पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी, गुण्या आणि ओळंबा एवढ्यावर अख्खा बंपर आधी पुठ्ठ्यात उभा करा. ओळंब्याने चासिसचा मध्य जमिनीवर उतरवून घ्या आणि सगळी मापं त्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे घ्या. बॉडीवरून मध्य काढू नका, कारण बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते आणि काही मिमी इकडेतिकडे असणं अगदी साधं आहे. उंचीच्या बाबतीत मात्र उलट करा. बंपरची वरची कड बॉनेटच्या आणि दिव्यांच्या रेषेशी समांतर ठेवा. चासिसच्या हिशोबाने अचूक असलेला बंपर बॉडीजवळ तिरका दिसला तर तो कायम तिरकाच दिसत राहतो.

बंपर आणि बॉडी यांच्यात १५ ते २० मिमी फट सोडा. चासिस पिळवटते तेव्हा बॉडी तिच्यासोबत तेवढी हलत नाही, आणि फट कमी असेल तर पहिल्याच आडव्यातिडव्या चढणीवर फेंडरचा रंग जातो. पुठ्ठा जागेवर असतानाच स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, एका बाजूचं चाक जॅकने वर दाबून टायर कुठे लागतो ते बघा. रेडिएटरपुढची मोकळी जागा, इंटरकूलर, हॉर्न, वॉशरची बाटली, नंबरप्लेट, सगळं याच टप्प्यात.

अप्रोच अँगलसाठी, म्हणजे बंपर न घासता गाडी किती तीव्र चढावर नाक घालू शकते त्या कोनासाठीच हा खटाटोप असतो, म्हणून एक ढोबळ हिशोब. टायर जमिनीला टेकतो तिथून बंपरची खालची कड ६० सेमी पुढे आणि ४० सेमी उंचीवर असेल तर कोन सुमारे ३४ अंश येतो. तीच कड ५० सेमी उंचीवर नेली तर जवळपास ४० अंश. टायर गोल असल्याने खरा आकडा थोडा वेगळा येईल, पण दोन आराखड्यांची तुलना करायला हे पुरतं. कोपरे मात्र याहून महत्त्वाचे. खडकावर गाडी क्वचितच नाकासमोर चढते, एक चाक आधी चढतं. म्हणून बंपरची टोकं वर आणि मागे खेचून चाकाचं तोंड उघडं ठेवलं की मधला भाग थोडा खाली राहिला तरी चालतं.

आता जाडी. पोलादाची १ मिमी जाडीची एक चौरस मीटर प्लेट ७.८५ किलो भरते. माझ्या बंपरच्या पुढच्या, वरच्या आणि खालच्या बाजू मिळून साधारण एक चौरस मीटर होतात. म्हणजे ३ मिमीत २३.५ किलो, ४ मिमीत ३१, ५ मिमीत ३९ आणि ६ मिमीत ४७ किलो. हे फक्त कवच, ब्रॅकेट आणि विंच बसवायचा पाळणा वेगळा. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो हे खरं, पण कडेला २५ मिमीची घडी मारली तर वजन फारसं न वाढवता त्याहून जास्त ताठपणा मिळतो. मी कवच ४ मिमी, विंचचा पाळणा ६, ब्रॅकेट १० आणि शॅकल अडकवायचे कान २० मिमी असं ठरवलं. साधं माइल्ड स्टील, २५० मेगापास्कल यील्डचं, म्हणजे तेवढ्या ताणाला कायमचं वाकू लागणारं. यापेक्षा कडक पोलाद घरी वाकवायला आणि जोडायला अवघड, आणि त्याचा इथे फायदाही नाही.

वाकवायला प्रेस ब्रेक नसेल तर घडीच्या रेषेवर ग्राइंडरने अर्ध्याहून थोडी जास्त खोल खाच पाडा, प्लेट वाकवा, आणि खाच बाहेरून वेल्डिंगने भरा. आतून अधूनमधून टाके हवेतच. खाच पाडलेली घडी न भरता ठेवली तर ती बिजागरीसारखी वागते.

शॅकलच्या कानांबद्दल शेवटचं सांगतो, कारण इथे जीव जाऊ शकतो. कान दर्शनी प्लेटवर बाहेरून चिकटवायचे नाहीत. प्लेटला खाच पाडून कान आरपार मागे न्यायचा आणि थेट चासिसच्या ब्रॅकेटला जोडायचा. टाके पुढून, मागून आणि ब्रॅकेटवर दोन्ही अंगांनी. ओढण्याचा जोर कान, ब्रॅकेट, बोल्ट, चासिस असा सरळ गेला पाहिजे आणि वाटेत पातळ पत्रा येता कामा नये. ४.७५ टनी शॅकलची पिन २२ मिमी असते, तेव्हा भोक २४ मिमी आणि भोकाभोवती चारही बाजूंनी किमान भोकाच्या व्यासाइतकं पोलाद.

फोटो टाकतोच. तोवर वेल्डिंगवाल्यांनी आणि हिशोबवाल्यांनी पिसं काढावीत, त्यासाठीच इतकं सविस्तर लिहिलंय.

धुरळा

वाचनखूण साठवली. पुठ्ठ्याचा भाग फार आवडला. एक भर : पुठ्ठ्याचा नमुना पक्का झाला की तो ३ मिमी हार्डबोर्डवर उतरवून घ्या. पुठ्ठा वाकतो, दमटपणाने फुगतो, आणि डाव्या बाजूचा नमुना उलटा करून उजवीकडे लावताना एखादा मिमी हमखास सरकतो. हार्डबोर्डच्या कडेने मार्किंगची सुई सरळ चालते.

जोडकाम

पोटापाण्यासाठी वेल्डिंग करतो, म्हणून तेवढंच बोलतो.

कवचाला काय वापराल ते चालेल. ब्रॅकेट आणि कान यांच्याबाबत मी तडजोड करणार नाही. घरगुती छोटा मिग सेट (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) ४ मिमीवर सुंदर टाका घालतो. तोच सेट २० मिमी कानावर लावला तर वरून तितकाच सुंदर टाका दिसतो आणि खाली धातू वितळलेलाच नसतो. जाड प्लेट उष्णता पिऊन टाकते. याला आम्ही कोल्ड लॅप म्हणतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. उपाय तीन, आणि तिन्ही करा. जाड प्लेटच्या कडेला उतार द्या म्हणजे टाका आत बसेल. जोडाआधी गॅसच्या ज्योतीने प्लेट चांगली कोमट करून घ्या. आणि मशीनची ताकद कमी असेल तर कान आणि ब्रॅकेट मिगने न करता रॉडने करा.

रॉड ६०१३ की ७०१८? आकड्यातले पहिले दोन अंक म्हणजे जोडाच्या धातूची ताणशक्ती, हजार पौंड प्रति चौरस इंचात. पण फरक तेवढाच नाही. ६०१३ हाताळायला सोपा आणि पत्र्याला छान, पण तो उथळ जातो आणि कोपऱ्यात स्लॅग (रॉडची मळी) अडकवतो. ७०१८ चा जोड चिवट असतो, धक्का खातो, तडकत नाही. अट एकच, रॉड कोरडा पाहिजे. उघड्या पाकिटात पडून ओलावा प्यालेला ७०१८ वापरायचा म्हणजे त्याचा सगळा गुण घालवायचा. कारखान्यात आम्ही उघडलेले रॉड १२० अंशांच्या वर गरम पेटीत ठेवतो. घरी पेटी नसेल तर लहान सीलबंद पाकीट आणा, फोडा आणि त्याच बैठकीत ब्रॅकेटचं काम संपवा.

जोडाच्या जागी प्लेटवरची काळी साल ग्राइंडरने काढून चकचकीत धातू दिसला पाहिजे. रंग, तेल, जस्त काहीही नको. जस्त लावलेला पाइप वापरत असाल तर जोडापासून चांगला लांबपर्यंत जस्त घासून काढा. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि हे मोठ्या अक्षरात लिहिलं आहे असं समजा : वेल्डिंगआधी प्लेट पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो आणि आर्कच्या उष्णतेने व किरणांनी त्याचा फॉस्जीन वायू होतो. तो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला होता. अगदी थोडा श्वासात गेला तरी फुप्फुसं निकामी होऊ शकतात, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग आर्क लावा.

रानवाटा

जोडकामदादा, एक शंका. बंपर गाडीवर ठेवूनच वेल्ड करावा की खाली? गाडीवर केला तर मापं चुकत नाहीत, पण इलेक्ट्रॉनिक्सची भीती वाटते.

जोडकाम

ताई, दोन्ही. आधी दोन्ही ब्रॅकेट चासिसला बोल्टने पूर्ण आवळा. मग भाग जागेवर धरून फक्त टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, मारा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, अर्थचा चिमटा टॅकच्या शक्य तितका जवळ, बंपरच्याच भागावर. इंजिनजवळचे पाइप, वायरिंग, रेडिएटर ओल्या जाड कापडाने किंवा फायर ब्लँकेटने झाका आणि कोणीतरी अग्निशामक घेऊन शेजारी उभं असू द्या. टॅक झाले की कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पुढे. मग बंपर उतरवून पूर्ण वेल्डिंग खाली.

खाली घेतल्यावर दोन्ही ब्रॅकेटांच्या तोंडांमध्ये एक जाड अँगल बोल्टने बांधा, तो शेवटी काढायचाय. हा अँगल नसेल तर टाके थंड होताना ब्रॅकेट आत ओढले जातात आणि बंपर परत चासिसवर बसतच नाही. टाका एका दमात लांब घालू नका. २५–३० मिमी इकडे, मग दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. हाताला प्लेट सोसवेनाशी झाली की थांबा.

रानवाटा

धन्यवाद, आता चित्र स्पष्ट झालं. अँगलची युक्ती तर कुठेच वाचली नव्हती.

मोजपट्टी

बोल्टांचा हिशोब कोणीच मांडला नाही, म्हणून मांडतो.

४३०० किलो क्षमतेची विंच म्हणजे सुमारे ४२ किलोन्यूटन, तेही ड्रमवर दोराचा पहिलाच थर असताना. आता ८.८ ग्रेडचा एम१२ (१२ मिमी जाडीचा) बोल्ट घ्या. कोरड्या स्वच्छ आट्यांवर ८० ते ८५ न्यूटन-मीटरला आवळला की तो साधारण ३५ किलोन्यूटनने दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबतो. पोलादावर पोलादाचं घर्षण ०.२ धरलं तर एका बोल्टमागे ७ किलोन्यूटन. एका बाजूला तीन, म्हणजे एकूण सहा बोल्टांचे ४२. विंचच्या जोराइतकेच, बरोबर काठावर. बोल्ट तुटणार नाहीत, त्यांची कातर-ताकद याच्या कितीतरी पट आहे. पण ब्रॅकेट सरकेल, भोकात बोल्ट आपटेल, भोक लांबट होईल, आणि मग दर वेळी थोडं थोडं वाढत जाईल.

त्यात आणखी एक भर. ओढ नेहमी सरळ नसते. विंचचा दोर तिरका गेला किंवा एकाच कानाला शॅकल लावलं तर जवळजवळ सगळा जोर एका बाजूच्या बोल्टांवर येतो. म्हणून प्रत्येक बाजू एकटीने सगळा भार घेईल असंच धरून चाला. एका बाजूला चार एम१२, आणि त्याशिवाय ब्रॅकेट चासिसच्या एखाद्या आडव्या सदस्याच्या (क्रॉसमेंबरच्या) मागच्या अंगाला पोलादाला पोलाद टेकेल अशी बेचकी. ओढताना ती बेचकी भार घेते आणि बोल्टांना फक्त ब्रॅकेट जागेवर धरायचं काम उरतं. ज्या पृष्ठभागांवर घर्षण हवंय तिथे रंगाचा जाड थर देऊ नका. मऊ रंग दबतो आणि बोल्टचा ताण उतरतो. पातळ झिंक प्रायमर पुरे.

वेल्डचाही आकडा देतो. कोपऱ्यातल्या ६ मिमी पायाच्या तिकोनी टाक्याचा (फिलेटचा) गळा, म्हणजे त्याची सगळ्यात कमी जाडी, ४.२ मिमी भरतो. ७०१८ ने नीट घातलेल्या अशा टाक्याच्या प्रत्येक १०० मिमी लांबीला सुमारे ६० किलोन्यूटन सुरक्षितपणे धरता येतात. म्हणजे कानाला दोन्ही अंगांनी १००–१०० मिमी टाका असेल तर ताकद भरपूर आहे. अट एवढीच की जोर टाक्याच्या लांबीच्या दिशेने यावा. कान वरून खाली सोलून निघेल असा जोर आला तर टाक्याचं टोकच सगळं झेलतं आणि हा हिशोब लागू होत नाही. खडकवाटांनी कान आरपार मागे नेलाय, त्याचं कारण हेच.

खडकवाट

मोजपट्टी, यासाठीच धागा काढला होता. माझ्या आराखड्यात एका बाजूला तीनच बोल्ट होते, चौथ्यासाठी ब्रॅकेट मागे ६० मिमी वाढवतोय. बेचकीची कल्पना उत्तम आहे, आडव्या सदस्याच्या मागे टेकणारी २० मिमी पट्टी सहज बसेल.

चढणीवरचा

वजनाबद्दल थोडं. बंपर चाकाच्या पुढे लटकतो, त्यामुळे तो काट्यावर जेवढा भरतो त्याहून जास्त पुढच्या ॲक्सलला जाणवतो. विंचसकट वाढीव वजन ९० किलो, पुढच्या ॲक्सलपासून अंतर ०.८ मीटर आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४ मीटर धरा. पुढच्या ॲक्सलवर १२० किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल ३० किलोंनी हलका होतो. पुढच्या स्प्रिंगा बसतात, दिव्यांचा झोत खाली उतरतो, उतारावर ब्रेक मारताना मागची चाकं लवकर सुटतात. बंपर चढवल्यावर दिवे आणि व्हील अलाइनमेंट दोन्ही परत लावून घ्या. पोलादी तारेऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर काही किलो लगेच कमी होतात, आणि तुटला तर तो तारेइतका झेपावत नाही. फक्त रोलर फेअरलीड (दोराला वाट देणारे रूळ) काढून गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉस (खाचेची पट्टी) लावायचा. तारेने खरबडलेल्या रोलरवर सिंथेटिक दोर कापला जातो.

धुरळा

विंचच्या पाळण्याचं माप ठरलेलं असतं का? विंच अजून घ्यायची आहे, पण भोकं आत्ताच पाडून ठेवायचा विचार आहे.

चढणीवरचा

८००० ते १२००० पौंडी विंचना बहुतेक २५४ × ११४.३ मिमीवर चार भोकं असतात आणि फेअरलीडची दोन भोकं २५४ मिमीवर. ती आत्ता पाडून ठेवायला हरकत नाही. विंचच्या क्लचच्या दांड्याला हात पोचेल एवढी वरून जागा ठेवा, आणि बोल्ट खालून घालता येतील असा पाना आत फिरतो का तेही पुठ्ठ्यातच बघा. विंच रेडिएटरच्या अगदी समोर उभी राहिली तर हवा अडते, जमेल तितकी खाली बसवा.

पाणवठा

सगळं उत्तम चाललंय, पण रस्त्यावरच्या माणसाचा विचार अजून आला नाही, म्हणून लिहिते. मूळ बंपर आणि त्यामागचा चेपणारा भाग मुद्दाम कमकुवत असतो. धडकेची ताकद खाऊन टाकणं हेच त्याचं काम. काही चासिसच्या पुढच्या तोंडालाच घड्या किंवा खाचा दिलेल्या असतात. तो भाग १० मिमी ब्रॅकेटने दोन्ही बाजूंनी जखडला की चेपायचा थांबतो आणि धक्का थेट आतल्या माणसांपर्यंत जातो. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर गाडी किती झपाट्याने थांबतेय त्यावर ठरवतात. बंपर जास्त ताठ झाला की ते वेळापत्रक बदलतं. सेन्सर हलवू नका, त्याच्या वायरिंगला तोड देऊ नका, आणि ब्रॅकेट घड्यांच्या मागे पकडता येतो का ते आधी बघा.

दुसरं म्हणजे नियम. देशोदेशी ते वेगळे आहेत. युरोपात २००५ साली पुढच्या संरक्षक गार्डांसाठी पादचाऱ्यांच्या दृष्टीने चाचण्या बंधनकारक करणारा निर्देश आला. भारतात डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ कडे बोट दाखवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. काही ठिकाणी बांधणीची तपासणी होऊन परवानगी मिळते, काही ठिकाणी असा बंपर फक्त खाजगी ट्रॅकवर चालतो. पत्रा कापण्याआधी आपल्या ठिकाणचा नियम वाचा. विम्याचा प्रश्नही त्यालाच जोडलेला आहे.

खडकवाट

पाणवठा ताई, मनापासून आभार, हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं. माझ्या गाडीच्या चासिसला तोंडापासून काही अंतरावर दोन घड्या आहेत. ब्रॅकेटची बाजूची प्लेट मी त्या घड्यांच्या पुढेच संपवणार होतो, आता मोजपट्टींचा चौथा बोल्ट बसवायला ती मागे जातेय. म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतायत. चौथा बोल्ट मागे न नेता तिसऱ्याच्या खाली, उभ्या बाजूच्या मध्याच्या थोडा खाली घेता येईल असं वाटतंय.

कडांबद्दलही ठरवलंय. माणसाच्या पायाला, मांडीला लागू शकेल अशी एकही कड तीक्ष्ण ठेवणार नाही. सगळ्या बाहेरच्या कडा ग्राइंडर आणि कानशीने किमान ५ मिमी त्रिज्येत गोल. टोकं बॉडीकडे आत वळवलेली. वरचा नळीचा कठडा रद्द केला. खडकावर त्याचा काही उपयोग नाही, आणि समोर माणूस आला तर तो छातीच्या उंचीवर बसतो.

मोजपट्टी

बोल्ट खाली घेतलात तर खालच्या आडव्या पट्टीपासून निदान भोकाच्या दोन व्यासांइतकं अंतर राहू द्या. तेवढं असेल तर हरकत नाही. घड्या मोकळ्या ठेवणं त्या चौथ्या बोल्टपेक्षा महत्त्वाचं. जागा अजिबात नसेल तर तीनच ठेवा, पण १४ मिमीचे, आणि बेचकी मात्र हवीच.

रानवाटा

माझी गाडी मोनोकॉक आहे, वेगळी चासिस नाही. मला हे सगळं कितपत लागू?

मोजपट्टी

थेट नाही. तुमच्या गाडीत पुढच्या दोन पोकळ बाह्या पातळ पत्र्याच्या असतात आणि त्यांच्या तोंडाशी क्रॅश बॉक्स (धडकेत चेपणारी पेटी) बोल्टने लावलेला असतो. तिथे विंच लटकवणं मी सुचवणार नाही. खालच्या बाजूने इंजिनखाली स्किड प्लेट (खडकापासून वाचवणारी पट्टी) आणि सबफ्रेमला (इंजिन धरणाऱ्या चौकटीला) धरलेला एक ओढण्याचा हूक, एवढ्यावर थांबा. मूळ प्लॅस्टिक बंपरची खालची कड छाटून अप्रोच अँगल सुधारता येतो, त्याला पोलादाची गरज नाही.

पाणवठा

आणि ग्रिलमागे रडार असेल तर मोनोकॉक असो वा लॅडर, त्याच्यासमोर पोलाद येता कामा नये. ही रडारं बहुतेक ७७ गिगाहर्ट्झवर चालतात, धातूच्या आरपार त्यांना काहीही दिसत नाही. पार्किंग सेन्सर नवीन भोकात बसवता येतात, पण मूळ कोनात आणि मूळ उंचीवर.

धुरळा

रंगाचं कोणी बोललंच नाही! पावडर कोटिंग की साधा रंग?

जोडकाम

बंपर खडकावर घासणार असेल तर साधा रंग. पावडर कोटिंग दिसायला देखणं आणि टणक, पण एकदा टवका उडाला की त्याच्या खालून गंज सरकत जातो आणि वरचा थर तसाच शाबूत दिसतो. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. साध्या रंगाला टवका गेला तर घासा, प्रायमर मारा, रंग मारा, झालं. क्रम असा : टाके घासून साफ, ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने सगळीकडे बारीक चरे, ॲसिटोनने पुसणं, झिंकवाला प्रायमर, वर इपॉक्सी आणि मग रंग. सांध्यांच्या फटींमध्ये सीलर भरा, आतल्या बाजूला मेणासारखं गंजरोधक फवारा. खालच्या पत्र्यात सगळ्यात सखल जागी ८–१० मिमीची निचऱ्याची भोकं पाडा. चिखल आत जाणारच, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

कोणी हॉट-डिप गॅल्व्हनाइझिंगचा विचार करत असेल तर बंद पोकळ भाग एकही नको. ४५० अंशांच्या जस्तात बुडवल्यावर आत कोंडलेली हवा आणि ओलावा फुटतो आणि कामगारांच्या अंगावर वितळलेलं जस्त उडतं. प्रत्येक नळीला दोन्ही टोकांना भोक, आणि ते कारखान्यातल्या लोकांना दाखवून मगच द्यायचं.

खडकवाट

रंगाआधी एक पायरी मी मध्ये घालतोय. ब्रॅकेट आणि कान यांच्या टाक्यांवर डाय पेनिट्रंट मारून बघणार. लाल द्रव फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. पृष्ठभागावर उघडलेली केसाएवढी भेग असली तरी लाल रेघ उमटते. कोल्ड लॅप त्यात नेहमी पकडला जाईलच असं नाही, त्यासाठी भंगारातल्या तशाच जाडीच्या दोन तुकड्यांवर त्याच सेटिंगने टाका घालून, शिकंज्यात धरून घणाने तोडून बघतोय. तुटताना प्लेट वाकली किंवा टाका मधून फाटला तर ठीक. टाका प्लेटवरून सोलून अख्खा निघाला तर सेटिंग बदलायचं.

जोडकाम

घणाची परीक्षा अगदी योग्य. टाका एकाच बाजूने घाला आणि तो उघडेल त्या दिशेने घण मारा, म्हणजे मुळाशी धातू वितळला होता की नाही ते तुटलेल्या तोंडावर सरळ दिसेल.

चढणीवरचा

बंपर चढला की पहिली ओढ मोकळ्या सपाट जागेत, भक्कम आधाराला दोर लावून, हळूहळू भार वाढवत करा. दोरावर जाड ब्लँकेट किंवा डॅम्पर टाकायचा आणि दोर ताणलेला असेल तोवर त्याच्या रेषेत किंवा दोराच्या लांबीच्या आत कोणीही उभं राहायचं नाही. ओढण्याआधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवा. ओढ झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला, आणि ब्रॅकेटच्या कडेला प्रायमर सोललेला दिसला तर ब्रॅकेट सरकला. पहिल्या खडकाळ फेरीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्ह्याने परत तपासा.

खडकवाट

नोंद केली. रेघा पांढऱ्या मारतो, काळ्या रंगावर चिखलातही दिसतील. ब्रॅकेट कापून झाले आहेत, चौथा बोल्ट खाली घेतल्यावर आडव्या पट्टीपासून २८ मिमी अंतर मिळतंय. आता आधी भंगारातल्या तुकड्यांवर घण, मग कानांची जोडणी. तुटलेल्या टाक्यांचे फोटो टाकतो, जोडकाम यांनी बघून सांगावं.